एकेचाळीस नंबरची पोच

आमच्या गल्लीत त्यांना सगळे पोचवाले म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, कारण त्यांना ऐकूच येत नसे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलेला माणूस. चार अजस्र पंपांच्या शेजारी टेबल टाकून बसायचे आणि त्या घरघरीत दोन्ही कान गमावून बसले. श्रवणयंत्र होतं, पण ते शिट्टी मारायचं म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं असे. खिशाला काय ऐकू येत असेल ते येवो.

माझं घर पंपघराच्या क्वार्टर्सना लागून, मधे कमरेएवढी भिंत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा व्हरांडा दिसायचा. व्हरांड्यात दोन खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, पन्नाशी उलटली होती, घरात एकटीच होते, आणि दुसऱ्यांच्या व्हरांड्यात डोकवायला मला फुरसत नव्हती. ही ओळख मी होऊन केलेली नाही. ती पाण्यापायी झाली.

एका संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते, तेव्हा ते भिंतीपाशी आले आणि माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. "उद्या सकाळी नऊ ते बारा पाणी बंद." मजकूर एवढाच, पण त्याचा थाट काय सांगू. सुरुवातीला तीन बारीक फुल्या. मग माझा घर नंबर. मग "चिठ्ठी क्र. १". मग ते वाक्य. त्याखाली "ओळी: १". आणि शेवटी पुन्हा तीन फुल्या. मी वाचली, बरं म्हटलं आणि कपड्यांचा ढीग घेऊन आत गेले. दहा मिनिटांनी कडी वाजली. तेच गृहस्थ, तीच चिठ्ठी, तोच क्रमांक एक. मी म्हटलं, मघाशी दिलीत की. ते नुसते बघत राहिले. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. भाचीची एक जुनी पाटी घरात पडून होती. ती आणली आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: मिळाली, मिळाली, मिळाली.

त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"एकदा लिहिलंत तरी पुरतं, बाई," ते म्हणाले. "एक नंबर पोचला, एवढं. पोच आली की मी जातो."

आणि गेले. त्या दिवसापासून ती पाटी आमच्या मधल्या भिंतीवर राहिली. ते बोलायचे, मी लिहायची. कॉलेजात फळ्यावर लिहून हात दुखायचा, घरी येऊन पुन्हा खडू. पण खरं सांगायचं तर दुसरं बोलायला तरी कोण होतं, त्यांनाही आणि मलाही.

एकदा मी पाटीवर विचारलं की एका ओळीच्या चिठ्ठीखाली ओळी मोजून कशाला लिहिता. हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नसावा. ते आत जाऊन खुर्चीच घेऊन आले.

गावाच्या चार बाजूंना पाण्याच्या चार टाक्या होत्या. प्रत्येक टाकीवर एक लोखंडी पेटी, आणि पेटीपासून पंपघरापर्यंत तार. टाकीत किती फूट पाणी आहे ते पेटी पंपघराला सांगणार, झडप उघड की बंद कर ते पंपघर पेटीला सांगणार. पोचवाल्यांचं सगळं आयुष्य या सांगासांगीवर नजर ठेवण्यात गेलं होतं. तारेतून दोनच गोष्टी जातात, म्हणाले, एक आणि शून्य. नुसते एक आणि शून्य सोडत राहिलं तर पलीकडे कुणाला पत्ता लागणार नाही की बोलणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं आणि कुणासाठी होतं. म्हणून जे पाठवायचं ते चौकटीत बसवायचं. आधी सुरुवातीची खूण. मग कोणत्या टाकीसाठी, तिचा पत्ता. मग क्रमांक. मग मजकूर, म्हणजे पाणी अकरा फूट. मग त्या सगळ्याची मिळून काढलेली एक बेरीज. आणि शेवटी पुन्हा तीच खूण, म्हणजे संपलं. पलीकडची पेटी स्वतः बेरीज करून बघते. जुळली तर पोच देते. नाही जुळली तर चौकट टाकून देते, एक अक्षर बोलत नाही.

टाकून का द्यायची, मी लिहिलं. थोडं तरी कळलं असेल ना.

"थोडं कळणं सगळ्यात वाईट, बाई. अकरा फुटांतलं एकच फूट कळलं तर इकडून पंप सुरू होईल. भरलेली टाकी वाहून जाईल."

त्यांच्या चिठ्ठीतल्या ओळींचा आकडा म्हणजे ही बेरीज होती आणि फुल्या म्हणजे ती खूण. मी शिक्षिका, मला खोट काढायची सवय. मी विचारलं की समजा मजकुरातच ती खूण येऊन बसली तर? पेटीला वाटेल की संपलं. ते इतके खूश झाले की दोन्ही हात मांडीवर आपटले. खूण म्हणजे शून्य, लागोपाठ सहा एक आणि शून्य. मग मजकुरात लागोपाठ सहा एक येऊच द्यायचे नाहीत. पाच झाले की पाठवणारा मधे एक शून्य घुसवतो. बिनकामाचं. घेणाराही पाच मोजतो आणि त्यापुढचं शून्य गुपचूप काढून टाकतो. दोघांनाही ठाऊक असतं की ते शून्य काही सांगायला आलेलं नाही. फक्त बोलणं तिथेच तुटू नये म्हणून आलंय.

हे मी लक्षात ठेवलं, कारण ते स्वतः बोलतानाही हेच करत. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. तिचा विषय निघाला, बोलणं एका ठरावीक जागी आलं, की मधेच म्हणायचे, टेकडीच्या टाकीत आज साडेनऊ फूट आहे. मग पुढे बोलायचे. आधी मला वाटायचं की माणूस भरकटतो. नंतर मी ते साडेनऊ फूट मनातल्या मनात काढून टाकायला शिकले.

त्यांना एक मुलगी होती. दुसऱ्या गावी, रात्रभराच्या प्रवासावर, एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. आई गेल्यावर वर्षभर ती वडिलांशी बोलली नव्हती. मग त्यांनी तिला क्रमांक एकचं पत्र पाठवलं आणि तिकडून कार्ड आलं: "पोचलं. १." तेवढंच. पण आलं. तिथून तीन वर्षांत ते चाळिसापर्यंत पोचले होते. फोनवर यांना ऐकू येत नाही, तेव्हा जे काय ते पत्रावर. लहानपणी ती यांच्याबरोबर पंपघरात बसायची, त्यामुळे फुल्या, क्रमांक, ओळींचा आकडा, सगळं तिला अंगवळणी होतं.

पत्र पाठवण्याची पद्धतही कामावरचीच. कार्बन घालून लिहायचं, प्रत खणात ठेवायची, आणि पोच आली की प्रत फाडायची. पोच येईपर्यंत पुढचं पत्र लिहायचं नाही. पंधरा दिवस वाट बघायची. नाही आली तर खणातून प्रत काढून तेच पत्र, तोच क्रमांक, अक्षरन् अक्षर तेच, पुन्हा पाठवायचं. तीन वेळा. तिसऱ्या वेळेनंतरही पोच नाही, तर लाइन मेली असं लिहून मोकळं व्हायचं.

ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत क्वार्टर सोडायची नोटीस आली. मुलीने छत्तिसाव्या आणि अडतिसाव्या पत्राच्या उत्तरात लिहिलं होतं की माझ्याकडे राहायला या. दोन्ही वेळा यांनी नाही म्हटलं. टाकीवरच्या नव्या माणसाला काम नीट जमत नाही, असं काहीतरी फुटकळ कारण. चाळिसाव्याच्या उत्तरात तिने तिसऱ्यांदा विचारलं. हे मला त्यांनीच सांगितलं. तेव्हा त्यांनी एकेचाळिसावं पत्र लिहिलं, आणि ते लिहायला त्यांना आठ दिवस लागले. त्यात होतं की येतो. क्वार्टर महिनाअखेरीस, म्हणजे त्यानंतरच्या महिन्याच्या अखेरीस, सोडायचं आहे. तू ये म्हणालीस तर येतो.

त्यानंतर रोज सकाळी साडेदहाला पोस्टमनच्या वेळेला ते फाटकात उभे असायचे. मी कॉलेजला जायला निघायची तेव्हा तिथे, शनिवारी अर्ध्या दिवसाने परत यायची तेव्हाही तिथेच. पोस्टमन भला माणूस. लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा, म्हणजे यांना उगाच पुढे यावं लागू नये. पंधरा दिवस झाले, यांनी तेच पत्र पुन्हा टाकलं. आणखी पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा.

मला हे कळलं तेव्हा पाटीवर मी रागाने इतकं दाबून लिहिलं की खडू मोडला. तेच तेच काय पाठवता? बेचाळिसावं लिहा. विचारा की एकेचाळीस मिळालं का.

"एकेचाळीसची पोच नसताना बेचाळीस कसं पाठवणार?"

मग त्याच पत्रात वर एक ओळ लिहा की ही दुसरी प्रत आहे.

"मजकूर बदलला तर ते एकेचाळीस राहत नाही, बाई."

मग उठा आणि जा, मी लिहिलं. एका रात्रीचा तर प्रवास. यावर त्यांनी पाटी जवळ ओढून वाचली. मग म्हणाले, पाठवणाऱ्याला इथून काही कळत नाही. पत्र तिच्यापर्यंत गेलं नाही, की तिचं उत्तर इकडे आलं नाही, दोन्ही वेळा त्याला सारखंच दिसतं. नुसती शांतता. "आणि तिसरंही असतं," ते म्हणाले. "तिकडे सगळं पोचलेलं असतं आणि तिला उत्तर द्यायचं नसतं." आणि लगेच म्हणाले की टेकडीच्या टाकीत आज आठ फूटच आहे.

तिसरे पंधरा दिवस संपले. त्यांनी खणातली वही काढून त्या तारखेला लिहिलं: लाइन मेली. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नाव घालून आले. क्वार्टर सोडायला बारा दिवस उरले होते. आश्रमाची गाडी तीस तारखेला सकाळी येणार होती. त्यांनी सामान बांधायला घेतलं, म्हणजे काय, दोन ट्रंका आणि बायकोचं शिलाई मशीन. मशीन आश्रमात ठेवू देणार नाहीत म्हणून ते मला देऊ लागले. मला शिवता येत नाही. मी हो म्हटलं.

आता इथे मी मधे पडले. पडायला नको होतं असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. कुणाच्या घरात नाक खुपसायची मला हौस नाही, पण रोज साडेदहाला तो माणूस फाटकात बघायचा आणि खिडकी बंद करून घ्यायची, हे मला जमेना. माझ्याकडे फोन होता. इस्पितळाचं नाव मी त्यांना सामान बांधू लागताना खणातल्या जुन्या पाकिटावर वाचलं होतं. चौकशीकडून नंबर काढला, दुपारी बाहेरगावचा फोन लावला, आणि तीन बायकांच्या हातांतून फिरत फिरत तो प्रयोगशाळेत गेला.

मी सांगितलं की मी तुझ्या वडिलांची शेजारीण. तिने एकदम विचारलं, काय झालं बाबांना? काही झालं नाही, धडधाकट आहेत, मी घाईघाईने म्हटलं. मग विचारलं की एकेचाळिसावं पत्र मिळालं का.

मिळालं, ती म्हणाली. तीनदा मिळालं. पहिलं आलं त्याच दिवशी तिने उत्तर लिहिलं होतं, चार पानं. आईबद्दल, त्या दिवसाबद्दल, जे चार वर्षांत लिहिलं नव्हतं ते सगळं. आणि शेवटी या, असं. पंधरा दिवसांनी वडिलांचं पाकीट आलं, तिने हातातलं काम टाकून उघडलं, तर आत तेच पत्र. चार पानांबद्दल एक शब्द नाही. तेच येतो, तेच क्वार्टर, ओळीसुद्धा तेवढ्याच.

"मला आधी वाटलं, बाबांना विसर पडायला लागला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आलं तेव्हा वाटलं, नाही, हेच उत्तर आहे. त्यांना त्या दिवसाबद्दल बोलायचंच नाही."

मग केलंस काय त्या पत्रांचं, मी विचारलं.

"ठेवून दिली. त्यांनीच शिकवलंय, तोच क्रमांक पुन्हा आला तर बाजूला टाकायचं."

आता मला एकदम एक गोष्ट आठवली. पोचवाल्यांनी ती मला भिंतीपाशी दोनदा सांगितली होती, दोन्ही वेळा मोठ्या अभिमानाने. टेकडीच्या टाकीवर नवी पेटी बसवली होती. पंपघराने सात नंबरची चौकट पाठवली: झडप बंद कर. पेटीने झडप बंद केली, पोच दिली. पोच तारेत कुठेतरी बिघडली. पंपघराला वाटलं की सात पोचलंच नाही, त्याने पुन्हा सात पाठवलं. नव्या पेटीने बघितलं, सात तर झालेलं आहे, आणि टाकून दिलं. गप्प. पंपघर पुन्हा सात. पेटी पुन्हा गप्प. सातची पोच येईना म्हणून झडप उघड म्हणणारं आठ पाठवता येईना, आणि अर्धं गाव दोन दिवस कोरडं. साहेब लोकांनी तार बदलली, खांब बदलले. यांनी टेकडीवर दोन दिवस पेटीसमोर बसून एकेक खूण कागदावर उतरवली आणि चूक शोधून काढली. पुन्हा आलेलं टाकून द्यायचं ते बरोबरच, पण पोच मात्र पुन्हा द्यायची. जितक्या वेळा येईल तितक्या वेळा. "पेटीने काम पहिल्याच वेळी केलं होतं, बाई," असं ते म्हणायचे. "फक्त दुसऱ्यांदा सांगितलं नाही." आणि इथे आले की दोन्ही वेळा, साडेनऊ फूट.

मी मुलीला विचारलं की टेकडीवरच्या पेटीची गोष्ट तुला माहीत आहे का.

"त्या पेटीचं नाव काढू नका," ती म्हणाली. आवाज पार बदलला होता. आई गेली तेव्हा बाबा त्याच पेटीसमोर बसले होते. इस्पितळातून पंपघरात निरोप गेला होता. टेकडी चढून तो वर सांगायला कुणी गेलं नाही. ते संध्याकाळी खाली आले, चूक सापडली म्हणून हसत आले.

मला हे ठाऊक नव्हतं. पण बाहेरगावच्या फोनवर गप्प राहणं मला परवडणारं नव्हतं. मग जे सुचलं ते बोलले, कठोर वाटलं तरी.

"काढणार. कारण आत्ता तू ती पेटी झाली आहेस. काम पहिल्या वेळीच केलंस, उत्तर दिलंस. ते वाटेत हरवलं. ते पुन्हा पुन्हा विचारताहेत आणि तू टाकून देऊन गप्प बसली आहेस. त्यांनी लाइन मेली म्हणून लिहिलंय. तीस तारखेला आश्रमाची गाडी येते."

पलीकडे काचेचं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चार पानं हरवली, ती हळूच म्हणाली. तिने प्रत ठेवली नव्हती. मी म्हटलं की आता पानं मोजत बसू नकोस, आज टपाल निघायच्या आत काय ते लिही.

संध्याकाळी मी पाटी पुसून स्वच्छ अक्षरांत सगळं लिहिलं. उत्तर दिलं होतं. हरवलं. या म्हणते आहे. मला वाटलं होतं की ते उडी मारतील. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि पाटी उलटी करून भिंतीवर ठेवली.

"ही पोच तुमची आहे, बाई. तिची नाही."

माझा अगदी संताप झाला. माणूस आहे की ठोकळा, असं मी मोठ्याने म्हटलं, त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं की मी त्यांच्या जागी असते तर मलाही शेजारणीचं अक्षर चाललं नसतं.

पुढचे दिवस ते पुन्हा फाटकात. चोविसावी तारीख गेली, पंचवीस गेली. पोस्टमन लांबूनच हात हलवत होता. सव्वीसला मी कॉलेजला दांडी मारली. सत्तावीसला सकाळी पोस्टमनने हात हलवला नाही. तो सायकलवरून उतरला आणि चालत आला.

पाकीट त्यांनी भिंतीवर ठेवून चष्म्याच्या काडीने उघडलं. एकच पान होतं. वर तीन फुल्या, "पोच: ४१", मग मजकूर. मी वाचला नाही, मला वाचायचा नव्हता. पण त्यांचं बोट ओळीवरून ओळीवर उतरताना दिसत होतं. शेवटी पोचल्यावर ते बोट परत वर गेलं आणि त्यांनी ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना ओठ हलत होते.

काय झालं, मी पाटीवर लिहिलं.

"तिने बावीस लिहिलंय. एकवीस भरतात."

मला वाटलं, हा माणूस आता हे पान टाकून देणार, आणि तिकडून पुन्हा यायला तीन दिवस लागणार, आणि गाडी तीसला. मी खडू उचलला. मग कसंबसं लिहिलं: बेरीज चुकली तर टाकून द्यायचं असतं ना?

त्यांनी पानाची घडी घातली. श्रवणयंत्र खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकलं आणि त्या जागी पान ठेवलं.

"एक ओळ तिची राहिली असेल," ते म्हणाले. "तिथे गेल्यावर विचारीन."

मग आत जाऊन खणातून एकेचाळीसची प्रत आणली आणि व्हरांड्यात उभे राहून फाडली. चार तुकडे, आठ तुकडे. तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभे होते, कुठे टाकायचे ते कळत नसल्यासारखे. केराची टोपली बांधाबांध करताना कुणाला तरी देऊन टाकली होती. शेवटी मी हात पुढे केला.

अठ्ठावीस तारखेला ते गेले. आश्रमाला मीच फोन करून नको म्हणून सांगितलं. रिक्षा आल्याचं त्यांना कळलं नाही, मीच हात वर करून दाखवलं, आणि त्यांनीही हात वर केला. शिलाई मशीन ते घेऊन गेले. रिकामी खुर्ची आणि ती दुसरी, दोन्ही व्हरांड्यात राहिल्या, क्वार्टरच्या मालकीच्या होत्या. नवा माणूस यायला दोन महिने लागले. तोवर खिडकीतून दोन रिकाम्या खुर्च्या दिसायच्या आणि मला उगाच त्यांचा राग यायचा. पाटी मी भिंतीवरून आत आणली नाही. पाऊसपाण्याने तिची चौकट सुटली.

तीन आठवड्यांनी मला एक कार्ड आलं. वर तीन फुल्या, माझा घर नंबर, क्रमांक १.

"सुखरूप आहे. ती ओळ विचारली, कच्च्या कागदावर होती, पक्क्यात उतरवली नाही म्हणाली. इथे नळाला दाब फार कमी आहे. कोणती ओळ ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही."

खाली लिहिलं होतं, ओळी: ४. मी मोजल्या, चारच होत्या. त्यातली नळाच्या दाबाची काढून टाकली आणि उरलेल्या पुन्हा वाचल्या. मग चप्पल घालून पोस्टात गेले आणि उभ्या उभ्या कार्ड लिहून टाकलं: पोचलं. १.